न बजावलेले समन्स आणि कापलेला पगार

गावगाड्यात सरकारी कागद पोचवण्याचे काम आपल्याकडे होते. तालुक्याचा हुकूम या गावाहून त्या गावी नेणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर सोयऱ्याधायऱ्यांना सांगणे, ही महाराची कामे. त्याला रात्र नाही, दिवस नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. ज्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचे कागद वाहिले त्यांच्या घरी त्यांच्याच नावाचा कागद पोचत नाही, आणि न पोचलेल्या त्या कागदाच्या जोरावर त्यांचा पगार कापला जातो, हा प्रकार अमरावती-अकोल्याकडे मी गेली काही वर्षे पाहतो आहे. त्याविषयी कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माहीत असावे म्हणून हे लिहितो. मी वकील नाही, महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. पण वस्तीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. कागद वाचता वाचता जे कळले ते इथे आहे.

आधी पगाराविषयी. आपल्या बहुतेक घरांत पगार ही गोष्ट एकाच पिढीची आहे. माझा बाप सालदार होता. महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम घरात येते हे आमच्या घराने माझ्यापासून पाहिले. अशा एका पगारावर किती माणसे उभी असतात हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पण दुसरी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आपल्याकडे शेती नाही, तारण ठेवायला घर नाही. कर्ज देणाऱ्याला लागतो तो जामीनदार, आणि वस्तीत पगारपत्रक असलेला माणूस एखादाच. ते पगारपत्रक हाच साऱ्या वस्तीचा सातबारा होऊन बसतो. मित्राच्या मालवाहू ऑटोला, मेहुण्याच्या दुकानाला, शेजाऱ्याच्या पोरीच्या शिक्षणाला सही त्याचीच. नाही म्हणावे तर ‘साहेब झाला, आता ओळखत नाही’ हे ऐकावे लागते. आणि १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ असे की, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. सावकाराने आधी ऋणकोच्या मागे लागले पाहिजे असे बंधन नाही. ऋणको सुरतेला निघून जातो. जामीनदाराचा पगार मात्र दर महिन्याला ठरल्या जागी निघतो.

माझा एक मावसभाऊ अकोला जिल्ह्यात एका पंचायत समितीत परिचर आहे. त्याआधी तो अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहत असे. तिथे असताना एका सोबत्याच्या ऑटोसाठी त्याने एका खाजगी कर्ज कंपनीच्या कागदावर जामीन म्हणून सही केली होती. ऑक्टोबर २०२२ च्या पगारपत्रकात ‘कोर्ट जप्ती’ अशी ओळ आली. तो पगारपत्रक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, पैसा म्या हातात घेतला नाही, कोर्टाची पायरी चढलो नाही. मंग हा निकाल लागला कवा?”

त्याला तोवर तीन सल्ले मिळाले होते. लेखा शाखेच्या बाबूने सांगितले, ‘कोर्टाचा हुकूम आहे, आमच्या हाती काही नाही.’ हे खरे होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८ प्रमाणे सरकारी, रेल्वेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नोकराच्या पगारावर न्यायालय जप्ती आणू शकते, आणि तो हुकूम डावलून पूर्ण पगार दिला तर ती रक्कम त्या संस्थेच्या अंगावर येते. पगार काढणारा अधिकारी अमरावतीच्या न्यायालयाच्या हद्दीत नसला तरी हा नियम लागू होतो. तेव्हा बाबूशी भांडण्यात अर्थ नाही. दुसरा सल्ला संघटनेच्या एका पुढाऱ्याचा: ‘साहेबाला भेटून थांबवू.’ साहेबाला तो अधिकारच नाही. तिसरा सल्ला घरातला: ‘गप बस, कोर्टात गेलास तर नोकरी जाईल.’ यात सर्वांत जास्त नुकसान आहे. पगारावर जप्ती आली एवढ्यावरून नोकरी जात नाही. आचरण नियमांचा आक्षेप आहे तो सवयीच्या कर्जबाजारीपणाला. आपला माणूस मात्र या भीतीपोटी दोन-दोन वर्षे पगार कापू देतो आणि बायकोलाही सांगत नाही.

अमरावतीच्या न्यायालयात नकलेचा अर्ज करून आम्ही प्रकरणाचे कागद काढले. पहिले काम हेच. जप्तीच्या हुकुमावर दरखास्तीचा क्रमांक असतो. त्यावरून मूळ दाव्याचा क्रमांक मिळतो. हल्ली पक्षकाराच्या नावावरून संगणकावरही शोधता येतो. फाइलमध्ये पाहायचे ते दाव्याचा अर्ज, रोजनामा, हुकूमनामा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समन्सच्या पाठीवरचा बेलिफाचा शेरा. आमच्या फाइलमध्ये तो असा होता: ५ डिसेंबर २०१७ रोजी प्रतिवादी राहत्या घरी समक्ष भेटला, समन्स घेण्यास नकार दिला. पत्ता अमरावतीच्या जुन्या खोलीचा. ती खोली त्याने वर्षभरापूर्वी सोडली होती. आणि ५ डिसेंबरला तो दादरच्या गाडीत होता. आपल्या माणसाला ६ डिसेंबरच्या आदल्या दिवशी घरात गाठल्याचे लिहिणाऱ्याला आपली माणसे माहीत नसावीत. रजेच्या नोंदवहीत तीन दिवसांची किरकोळ रजा होती.

‘नकार दिला’ हे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, कारण बहुतेक एकतर्फी हुकूमनामे या दोन शब्दांवर उभे असतात. आदेश ५, नियम १७ म्हणतो: प्रतिवादी सही करण्यास नकार देत असेल, किंवा रीतसर शोध घेऊनही घरी सापडत नसेल, तर बेलिफाने समन्सची प्रत तो जिथे राहतो किंवा काम करतो त्या जागेच्या दारावर किंवा ठळक ठिकाणी चिकटवावी, चिकटवल्याचे, कोणत्या परिस्थितीत चिकटवली त्याचे, घर कुणी दाखवले आणि कुणासमक्ष चिकटवली त्यांच्या नावपत्त्याचे लेखी निवेदन करावे. नियम १९ म्हणतो: असे समन्स परत आले आणि बेलिफाने शपथपत्र दिलेले नसेल तर न्यायालयाने त्याची शपथेवर तपासणी केलीच पाहिजे, आणि बजावणी योग्य झाली की नाही हे जाहीर केले पाहिजे. आमच्या शेऱ्यात प्रत चिकटवल्याचा उल्लेख नव्हता. घर दाखवणाऱ्याचे नाव नव्हते. शपथपत्र नव्हते. रोजनाम्यात एक ओळ: ‘समन्स बजावले, प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा.’

टपालाने पाठवलेल्या समन्सचे असेच. पोचपावतीवर ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा आला की न्यायालय बजावणी झाली असे धरते. आणि पत्ता बरोबर असेल तर ते खोडून काढण्याचा भार आपल्यावर येतो. तो भार सोपा नाही, वरिष्ठ न्यायालयांत माणसे तिथे हरली आहेत. पण पत्ताच चूक असेल तर गृहीतकाचा पाया निसटतो. जुने वीजबिल, घरभाड्याची पावती, बदलीचा किंवा नेमणुकीचा आदेश, पोरांच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड यांतून त्या तारखेला आपण कुठे राहत होतो ते दाखवावे लागते. आपल्या घरांत असे कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात. ते जपून ठेवण्याची सवय कार्यकर्त्यांनी वस्तीला लावली तरी पुष्कळ होईल.

घरात तुम्ही नसाल तर तुमच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला समन्स देता येते, मग तो पुरुष असो की स्त्री. १९७६ ची दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, तोवर हा अधिकार प्रौढ पुरुषालाच होता. घरातल्या बाईच्या हाती दिलेला कागद कायद्याला मान्य नव्हता. आता मान्य आहे. म्हणून आई किंवा बायको यांनी काही सही केली होती का, हे घरी रागे न भरता विचारावे. केली असेल तर पुढचा सारा मार्ग बदलतो.

सगळ्यात मला खटकते ते वेगळेच आहे. याच आदेश ५ मध्ये नियम २७ आहे: प्रतिवादी सरकारी अधिकारी असेल, किंवा रेल्वेचा वा स्थानिक संस्थेचा नोकर असेल, तर न्यायालय समन्स त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे बजावणीसाठी पाठवू शकते. म्हणजे कार्यालयामार्फत समन्स देण्याची वाट शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्यात आहे. कर्ज देणाऱ्याकडे पगारपत्रक असते. नोकरी कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, त्याच भरवशावर तो कर्ज देतो. दावा चालू असताना हे कार्यालय त्याला आठवत नाही. हुकूमनामा हाती पडला की दरखास्तीत मात्र कार्यालयाचे नाव, पत्ता, पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, सारे बिनचूक. माझ्या मावसभावाची बदललेली नोकरीसुद्धा दरखास्तीत बरोबर होती. समन्स द्यायला जो सापडत नाही तो पगार कापायला कसा सापडतो, हा प्रश्न अर्जात विचारला पाहिजे. आमच्या वकीलबाईंनी तो विचारला.

हा खेळ जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, दंगे पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीत कर्जाच्या दाव्यांतील एकतर्फी निकालांचा आणि न पोचणाऱ्या समन्सचा प्रश्न पुढे आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता एक नियम केला: दाव्यात प्रतिवादीची साक्षीदार म्हणून तपासणी करावी, ती अगदीच अनावश्यक वाटली तर तशी कारणे निकालाआधी लिहून ठेवावी. ऋणकोचे तोंड पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढी समज इंग्रज सरकारला दंगलीनंतर आली. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होते. हा कायदा झाला तेव्हा आमचे जिल्हे त्यात नव्हते. 

आता उपायाकडे वळतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज आदेश ९, नियम १३ खाली ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच करायचा. कारणे दोन: समन्सची योग्य बजावणी झाली नाही, किंवा हजर राहू न शकण्याला पुरेसे कारण होते. यांतले एक सिद्ध झाले की हुकूमनामा रद्द करणे न्यायालयावर बंधनकारक आहे, मात्र खर्च किंवा काही रक्कम भरण्याच्या अटी ते घालू शकते. मुदत तीस दिवसांची. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हे तीस दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. पण समन्सची योग्य बजावणी झाली नसेल तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस किंवा तत्सम पर्यायी बजावणी या मोजणीपुरती योग्य बजावणी धरली जात नाही, असे स्पष्टीकरण तिथेच आहे. म्हणून जप्तीची ओळ असलेले पगारपत्रक ज्या दिवशी हाती पडले तो दिवस लिहून ठेवायचा. तिथून घड्याळ चालू होते. नक्कल मिळायला वेळ लागतो म्हणून थांबू नये; अर्ज आधी करावा, नक्कल मागून जोडावी. उशीर झालाच असेल तर कलम ५ खाली माफीचा अर्ज सोबत द्यावा आणि रोजच्या रोज काय घडले ते खरे लिहावे.

समोरचा वकील एक मुद्दा हमखास काढतो: याला दाव्याची माहिती होती. १९७६ च्या दुरुस्तीने नियम १३ ला एक परंतुक जोडले आहे. बजावणीत नुसती अनियमितता असेल, पण प्रतिवादीला सुनावणीची तारीख ठाऊक होती आणि हजर राहायला पुरेसा अवधी होता, तर हुकूमनामा रद्द होत नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलेले लक्षात ठेवण्यासारखे आहे: कुठे तरी दावा चालू आहे एवढी माहिती पुरत नाही, सुनावणीच्या तारखेची माहिती हवी. कंपनीच्या वसुलीवाल्याने फोनवर ‘केस टाकली आहे’ म्हणून धमकावले, याने समन्सची जागा भरत नाही. मात्र समन्स खरोखर मिळाले असेल आणि भीतीने घरात ठेवून दिले असेल, तर मिळाले नाही असे शपथेवर लिहू नये. खोटे शपथपत्र हा गुन्हा आहे, आणि पकडले गेले की हाती असलेला चांगला मुद्दाही जातो. अशा वेळी अपिलाचा मार्ग राहतो. कलम ९६ प्रमाणे एकतर्फी हुकूमनाम्यावरही अपील चालते. फक्त अपील निकालात निघाले की नियम १३ चा अर्ज चालत नाही, म्हणून कोणता दरवाजा आधी ठोठवायचा हे वकिलाशी बसून ठरवावे.

नियम १३ च्या अर्जाने पगाराची कपात आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. दरखास्त हुकूमनाम्यानंतर दोन वर्षांहून उशिरा दाखल झाली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. तेव्हा आदेश २१, नियम २२ प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते. न्यायालयाला ती वगळायची असेल तर कारणे लिहावी लागतात. आमच्या प्रकरणात हुकूमनामा २०१८ चा, दरखास्त २०२१ ची. ही नोटीसही त्याच जुन्या खोलीवर गेली होती.

हुकूमनामा रद्द झाला म्हणजे कर्ज फिटले असे नव्हे. दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, कैफियत द्यावी लागते, आणि सही आपली असेल तर देणे टळेलच असे नाही. पण हिशेब मागता येतो, व्याज तपासता येते, ऑटो ओढून नेऊन विकला त्याचे किती आले हे विचारता येते. कर्ज देणारा साधा सावकार असेल तर कर्ज देताना त्याच्याकडे परवाना होता का ते पाहावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही. यांतले काहीच एकतर्फी सुनावणीत कुणी विचारत नाही.

हुकूमनामा टिकला तरी पगार किती कापावा याला हद्द आहे. संहितेच्या कलम ६० प्रमाणे, पोटगीचा हुकूमनामा सोडून इतर हुकूमनाम्यांत पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार ३१,००० असेल तर हजार वजा जाऊन ३०,००० उरतात, त्यांतले १०,००० कापता येतात, २१,००० सुरक्षित. शासनाने अधिसूचनेने वगळलेले भत्ते या हिशेबात धरत नाहीत. हजाराचा हा आकडा २००२ पासून तसाच आहे. त्या हजारात तेव्हा काय येत होते आणि आज काय येते याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी सलग किंवा तुटक असे एकूण २४ महिने पगार कापून झाला की त्या हुकूमनाम्यासाठी पुढे पगार कायमचा मोकळा होतो. कार्यालये हे मोजत नाहीत. पंचविसाव्या महिन्याची कपात थांबवण्यासाठी न्यायालयात आपणच अर्ज द्यावा लागतो. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी तर संपूर्ण मोकळी आहे, आणि मजुरात कुशल, अर्धकुशल, अकुशल सारे येतात असे कायद्यातच लिहिले आहे. ठेकेदाराकडे झाडू मारणाऱ्या बाईच्या मजुरीवर जप्ती आली तर ती मुळातच चूक. ‘मी ही सवलत सोडतो’ असे कर्जाच्या कागदावर लिहून घेतलेले असले तरी ते कलम ६० (१अ) प्रमाणे रद्दबातल आहे.

एक सावधगिरी. पगारपत्रकातली प्रत्येक कपात दिवाणी न्यायालयाची नसते. वऱ्हाडात कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्था गावोगावी आहेत. तिथे कर्ज घेताना कपातीचे संमतीपत्र दिलेले असते, आणि सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे कार्यालय त्यावरून कापते. त्यात न्यायालय येतच नाही. थकबाकी झाली की कलम १०१ खाली निबंधक वसुलीचा दाखला देतो. त्यावर आदेश ९ चालत नाही. कलम १५४ खाली पुनरीक्षण करावे लागते, निर्णय कळवल्यापासून दोन महिन्यांत, आणि वसूलपात्र रकमेच्या निम्मे संस्थेत भरून. ज्याला नोटीसच मिळाली नाही त्याने ऐकून घेण्यासाठी निम्मे पैसे आधी भरायचे, ही अट मला अन्यायाची वाटते. खाजगी कंपन्या हल्ली लवादाकडेही जातात; लवादाचा निवाडा चेन्नईहून किंवा मुंबईहून येतो. तिथे आव्हानाची मुदत सही केलेली निवाड्याची प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून तीन महिने, आणि पुरेसे कारण दाखवल्यास फार तर आणखी तीस दिवस. त्यापुढे माफी नाही. तेव्हा हुकूम कुणाचा आहे हे पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नये.

आणि वकिलाची फी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. पगारदार आहे म्हणून नाकारता येत नाही. अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे. ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांनाही अनुसूचित जातीचा दाखला चालतो. १९९० च्या दुरुस्तीपासून त्याबद्दल शंका उरलेली नाही. दाखला आणि पगारपत्रक घेऊन जावे. माझ्या मावसभावाला वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

त्याचा हुकूमनामा रद्द झाला. बेलीफ साक्षीला आला होता. घर कुणी दाखवले हे त्याला सांगता आले नाही. न्यायालयाने काही रक्कम भरण्याची अट घातली, ती त्याने दोन हप्त्यांत भरली. त्याआधी कापले गेलेले पैसे परत मिळावेत म्हणून कलम १४४ खाली अर्ज दिला आहे, त्यावर म्हणणे देण्यासाठी कंपनीने तिसरी तारीख घेतली आहे. दावा आता दोन्ही बाजूंनी चालू आहे. कंपनीने कर्जाचा खातेउतारा अजून हजर केलेला नाही.